पागोळ्या नसलेले घर

माझ्या वडिलांच्या ट्रंकेत त्यांच्या शाळेतले एक इंग्रजी वाचनपुस्तक होते. पुठ्ठा निघून गेलेला, पाने पिवळी पडलेली आणि कडांना कुरतडलेली. परंतु पहिल्या पानाच्या तळाशी छापलेली प्रकाशकाची ओळ शाबूत होती. ब्लॅकी अँड सन. लंडन, ग्लासगो, मुंबई. लहानपणी मला या ओळीचे फार नवल वाटे. लंडन ऐकून माहीत होते आणि मुंबईला तर माझा मामाच राहत होता. या दोघांच्या मध्ये ऐसपैस बसलेले हे ग्लासगो कोण, याचा उलगडा पुष्कळ दिवस झाला नाही. पुढे कळले की, ग्लासगो हेच या प्रकाशकांचे मूळ गाव, आणि आपल्याकडच्या शाळांना पुस्तके पुरवण्यासाठी त्यांनी मुंबईच्या कोटात आपली शाखा उघडली होती.

या ब्लॅकी घराण्यातल्या वॉल्टर ब्लॅकी यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी स्वतःच्या कुटुंबासाठी एक घर बांधून घेतले. त्याचे नाव हिल हाऊस. आधुनिक वास्तुकलेवरच्या बहुतेक पुस्तकांत त्याचे चित्र सापडते. मी ते चित्र तरुणपणापासून पाहत आलो होतो आणि त्या घराचा निस्सीम भक्त होतो. काही वर्षांपूर्वी ते प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला. परतताना भक्ती कायम होती; पण तिच्यात एक खडा शिरला होता. त्या खड्याविषयी मला आज लिहायचे आहे.

ग्लासगोपासून आगगाडीने तासाभराच्या आत हेलन्सबरा हे गाव लागते. क्लाइड नदी जिथे समुद्रात मिसळते, त्या तिच्या रुंद मुखाच्या उत्तर काठावर ते वसले आहे. ग्लासगोच्या काजळीला आणि गलबल्याला कंटाळलेल्या धनिकांनी रेल्वेच्या आधाराने येथे बंगले बांधले. गावाचा चढ चढत वर गेले की, जवळजवळ माथ्यावर हिल हाऊस आहे. १९०२ साली ब्लॅकींनी ही जागा घेतली. त्यांच्या प्रकाशनसंस्थेत पुस्तकांच्या सजावटीचे काम टॅल्विन मॉरिस नावाचा कलावंत पाहत असे. त्याने शिल्पज्ञ म्हणून चार्ल्स रेनी मॅकिंटॉशचे नाव सुचवले. मॅकिंटॉश तेव्हा उणापुरा चौतीस वर्षांचा होता. ग्लासगोच्या कलाशाळेची इमारत त्याच्याच हातची हे कळल्यावर ब्लॅकींना, एवढ्या तरुण माणसाचे हे काम, म्हणून आश्चर्य वाटले होते.

ब्लॅकींची मते ठाम होती. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मळकट आभाळाखाली तांबड्या कौलांचे छप्पर त्यांना नको होते. विटांच्या आणि गिलाव्याच्या भिंतींतून लाकडी तुळया दाखवण्याची विलायती हौसही नको होती. त्यांना हव्या होत्या खरबरीत गिलाव्याच्या करड्या भिंती आणि पाटीच्या दगडाचे छप्पर. शोभा यायची ती वरून चिकटवलेल्या नक्षीने न येता घराच्या लहानमोठ्या भागांच्या मांडणीतूनच यावी, असेही त्यांनी सांगितले होते. हे ऐकून मॅकिंटॉशला मनातल्या मनात हर्ष झाला असला पाहिजे. १८९१ सालीच त्याने स्कॉटलंडच्या जुन्या गढ्यांवर व्याख्यान दिले होते. त्या गढ्यांच्या उंच, उघड्या, कमी खिडक्यांच्या भिंती त्याच्या डोळ्यांत बसल्या होत्या. मालक आणि शिल्पज्ञ यांचे सूर असे जुळणे ही दुर्मिळ गोष्ट आहे. पुढे जे बिघडले त्याचे मूळही मला या जुळण्यातच दिसते, पण ते नंतर.

मॅकिंटॉशने काम कसे केले, ते ऐकण्याजोगे आहे. तो ब्लॅकींच्या घरी येऊन राहिला. त्या कुटुंबाचा दिवस कसा जातो, मुले कुठे खेळतात, पाहुणे कुठे बसतात, हे त्याने पाहिले, आणि आधी घराच्या आतल्या खोल्यांचे आराखडे काढले. ते मालकांना पसंत पडल्यावरच बाहेरून घर कसे दिसेल, याची चित्रे त्याने दाखवली. आधी दर्शनी भाग रंगवून मग त्यात माणसे कोंबायची, हा आपल्याकडेही सर्रास चालणारा प्रकार त्याने केला नाही. १९०४ साली ब्लॅकी पतिपत्नी आणि त्यांची मुले या घरात राहायला आली. घर सोपवताना मॅकिंटॉशने त्यांना बजावले होते की, हा कोणत्याही परदेशी धर्तीचा बंगला नाही, की किल्लाही नाही. हे राहते घर आहे. हा त्याचा दावा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचा निवाडा मी याच दाव्यावर करणार आहे.

आत शिरले की, हा दावा अक्षरशः पटतो. दाराजवळच ब्लॅकींची ग्रंथांची खोली आहे. कामासाठी आलेल्या माणसाला तिथूनच वाटेला लावावे, त्याने घरच्या मंडळींत येऊ नये, ही त्यातली सोय. आपल्याकडच्या ओटीचेच हे काम. चार पायऱ्या चढून दालनात जावे, तर तिथे गडद लाकूड आणि मंद उजेड. तिथून बैठकीच्या खोलीचे दार उघडले की, एकदम पांढरे स्वच्छ चांदणे पडल्यासारखे वाटते. भिंतींवर गुलाबाच्या फुलांची फिकट छापील नक्षी आहे. तीही इतकी बेताची की, प्रथम ती दिसत नाही आणि एकदा दिसली की नजरेतून जात नाही.

या एका खोलीत तीन जागा आहेत. दक्षिणेकडे बाहेर काढलेली मोठी खिडकी आणि तिच्यात लांब आसन. तिथे उन्हाळ्यात बसावे, बाग आणि पलीकडे क्लाइडचे पाणी पाहावे. आसनाच्या टोकांना मासिके ठेवायला फळ्या आहेत. आतल्या बाजूला शेगडी, ती हिवाळ्याची जागा. आणि एका कोनाड्यात पियानो, ती गाण्याबजावण्याची. मधे एकही भिंत नाही. छताची उंची कुठे कमी करून, कुठे वाढवून त्याने या तीन जागा वेगळ्या केल्या आहेत. एकाच खोलीत आई शेगडीजवळ विणत बसली आहे, वडील खिडकीशी वाचत आहेत आणि मुलगी पियानोवर बोटे फिरवते आहे. तिघे एकत्र आणि तिघे आपापल्या ठिकाणी. माजघर, पडवी आणि परसदार ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या व्यवस्थेचे सुख सांगावे लागणार नाही.

शेगडीच्या वर काही वर्षांनी मॅकिंटॉशच्या पत्नीने, मार्गारेट मॅकडोनाल्डने, गिलाव्यासारख्या द्रव्यात केलेले एक चित्र बसवले गेले. ते आहे झोपी गेलेल्या राजकन्येचे. मुलांसाठी गोष्टींची पुस्तके छापणाऱ्या माणसाच्या घरात याहून शोभणारे चित्र कोणते असेल? या घरातली किती कल्पना नवऱ्याची आणि किती बायकोची, याचा हिशेब समीक्षकांनी पुष्कळ वर्षे केलाच नाही. मॅकिंटॉशने स्वतः मात्र तिचे श्रेय कधी झाकले नाही.

वरच्या मजल्यावर मालक-मालकिणीची झोपण्याची खोली आहे, तीही पांढरी. पलंगावरचे छत कमानीसारखे वळवलेले आहे. आणि त्या सगळ्या शुभ्रतेत शिडीसारख्या उंच पाठीच्या काळ्या खुर्च्या उभ्या आहेत. या खुर्चीच्या नकला जगभर विकल्या जातात. तिच्यावर फार वेळ बसवणार नाही, हे पाहताक्षणी कळते. परंतु पांढऱ्या कागदावर पहिले काळे अक्षर उमटावे, तशी ती त्या खोलीला अर्थ देते, आणि मी तिला माफ करतो. खुर्ची नुसती पाहण्यासाठी असली, तरी कुणाचे बिघडत नाही. झोप येणाऱ्याने पलंगावर जावे.

इथे मला एक गोष्ट बोलून टाकली पाहिजे. हा पांढरेपणा टिकवणारे हात कुठे राहत होते? घराच्या पूर्वेकडच्या भागात स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या आहेत. तिथे गुलाब नाहीत. कोळशाच्या शेगड्यांच्या त्या काळात पांढरी खोली पांढरी ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना विचारावे. चुलीमागची भिंत सारवता सारवता त्यांचा जन्म गेला. हिल हाऊसवर लिहिणारे रसिक बैठकीच्या खोलीत पाने घालवतात आणि पूर्वेच्या भागापुढून एका ओळीत निघून जातात. मीही वर तेच केले आहे. म्हणून निदान एवढा परिच्छेद.

आता तो खडा.

बाहेरून पाहिले, तर हिल हाऊस हे एकाच अखंड ढेकळातून कोरून काढल्यासारखे दिसते. करड्या भिंती सरळ आभाळात जातात. एका कोनात गोल मनोरा, त्यावर शंकूसारखे टोपरे. भिंतीच्या माथ्यावर, जिथे पाणी ओघळून जावे म्हणून जुने गवंडी पुढे काढलेला दगड बसवीत, तिथे असा दगडच नाही. गिलावा कापडासारखा माथ्यावरून गुंडाळून पलीकडे उतरला आहे. वळचण म्हणावी अशी काही नाही. चित्रात जे आपल्याला मोहवते ते नेमके हेच. कुठे कड नाही, कुठे झालर नाही, नुसता घाट. आणि हा गिलावा चुन्याचा नाही, तर पोर्टलँड सिमेंटचा आहे. त्या काळी ती नव्या युगाची, टणक आणि भरवशाची वस्तू मानली जात होती.

या भरवशानेच दगा दिला. स्कॉटलंडच्या त्या किनाऱ्यावरचा पाऊस वरून पडतो त्याहून अधिक बाजूने येतो, वाऱ्याबरोबर भिंतीवर आपटतो. आतला दगड आणि विटा थंडीउन्हाने हलतात. ताठ सिमेंटला हलता येत नाही, त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. भेगेतून पाणी आत जाते. चुन्याचा गिलावा असता, तर तो भिजला असता आणि उघडीप मिळताच वाळलाही असता. सिमेंट पाण्याला आत घेते, पण बाहेर सोडत नाही. मग ते पाणी भिंतीत मुरत मुरत आत, त्या पांढऱ्या खोल्यांकडे निघते. शंभर वर्षे हे चालले. १९५३ साली वॉल्टर ब्लॅकी वारले. घर दुसऱ्या एका गृहस्थांकडे गेले. १९७२ साली ते स्कॉटलंडच्या शिल्पज्ञांच्या संस्थेने घेतले आणि १९८२ साली स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टकडे आले. प्रत्येकाने आपापल्या परीने भिंती ठिगळल्या. पाणी काही थांबले नाही.

याविषयी समीक्षकांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो की, मॅकिंटॉश काळाच्या पुढे होता, कल्पना थोर होती, द्रव्य तेवढे अपुरे पडले. गळती ही तळटीप आहे. दुसरा पंथ व्यवहारी लोकांचा. तो हसून म्हणतो, कलावंताकडून घर बांधून घ्याल तर असेच होणार. हे लोक लगेच व्हिला साव्वाचे उदाहरण देतात. चंडीगडमुळे आपल्याला परिचित असलेल्या ल कॉर्ब्यूझिएचे पॅरिसजवळचे हे घर १९३१ साली पुरे झाले, आणि ते गळते म्हणून मालकीणबाईंनी त्याला तक्रारीची पत्रे लिहिली होती.

मला दोन्ही पंथ आळशी वाटतात. गळती तळटीप नाही, कारण जी गोष्ट आपण सुंदर म्हणून वाखाणतो तीच गळते आहे. माथ्यावरचा दगड काढून टाकला म्हणूनच ती भिंत अखंड दिसते. आणि सगळ्याच कलावंतांवर हा आरोप टाकणेही खोटे, कारण याच कलावंताने आत शिरल्यावर फळीपासून पियानोच्या कोनाड्यापर्यंत माणसाच्या सोयीचा विचार केला आहे. मग झाले काय? माझ्या मते असे झाले. आत तो माणसे पाहून रचत होता, बाहेर तो चित्र पाहून रचू लागला. आतल्या प्रत्येक वस्तूला त्याने विचारले की, तुला कुठे बसायचे आहे. पावसाला मात्र त्याने विचारले नाही की, तुला कुठून जायचे आहे. मालकालाही नुसता घाटच हवा होता, म्हणून त्याला अडवायला कुणी उरले नाही. दोघांच्या अभिरुची एवढ्या जुळल्या नसत्या, तर एखाद्या हटवादी मालकाने माथ्यावर दगड बसवून घेतला असता. घर थोडे कमी देखणे झाले असते आणि कोरडे राहिले असते.

आपल्याकडे रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तिथल्या घराचे रूप या पावसानेच घडवले आहे. जांभ्या दगडाच्या भिंतीवर उतरते छप्पर, आणि ते भिंतीच्या कितीतरी पुढे आलेले. पागोळ्या भिंतीपासून हातभर दूर पडतात आणि अंगणात ओळीने खळगे पाडतात. एवढ्यानेही भागत नाही. ज्या अंगाने झड येते, त्या भिंतीला नारळीच्या झापांचा आडोसा बांधतात. चार महिने घर कुरूप दिसते आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही. कोकणातला गवंडी मॅकिंटॉशपेक्षा मोठा कलावंत होता, असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्याला चित्रात दिसण्याची हौस नव्हती, एवढेच.

आणि नियतीचा खेळ असा की, मी हिल हाऊसला पोचलो तेव्हा त्या घरालाही झाप बांधलेले होते! २०१९ साली ट्रस्टने सबंध घराभोवती पोलादी सांगाडा उभारून त्यावर छप्पर घातले आणि चारी बाजूंना लोखंडी कड्यांची जाळी सोडली. जुन्या योद्ध्यांच्या चिलखताला असते तशी. तीन कोटींहून अधिक कड्या आहेत तिच्यात. पावसाचा मोठा मारा ती अडवते आणि वारा आत येऊ देते, म्हणजे भिंतींनी काही वर्षे नुसते वाळत राहावे. आत जिने आणि पूल आहेत. त्यांवरून चढत आपण घराच्या छपराच्या वर जातो. हे दृश्य ना मॅकिंटॉशने पाहिले होते, ना ब्लॅकींनी. तिथे उभे राहून मी ते उघडे माथे हाताच्या अंतरावरून पाहिले. भेगा पाहिल्या, ठिगळे पाहिली. या वास्तूवर इतके लेख वाचले, पण त्या जाळीने जी टीका केली आहे, तिची सर कुणालाच आली नाही. ती म्हणते, घर जपण्यासारखे आहे, आणि त्याला पावसात सोडता येत नाही.

खाली उतरताना मला मॅकिंटॉशची कीव आली, हेही सांगतो. या घरानंतर दहा वर्षांत त्याची कामे आटली. ब्लॅकींनी पुढे लिहिलेल्या आठवणींत, एकदा कार्यालयात भेटायला गेले असता तो अगदी खचलेला दिसल्याचे सांगितले आहे. १९१४ साली त्याने ग्लासगो सोडले; नंतर तो दक्षिण फ्रान्समध्ये जलरंगात चित्रे काढीत राहिला आणि १९२८ साली लंडनमध्ये वारला. त्याची ती कलाशाळा २०१४ आणि २०१८ अशी दोनदा आगीत सापडली; दुसऱ्या आगीने तिचा सांगाडाच उरला. एक वास्तू आगीने नेली आणि दुसरी पाण्याने नेऊ पाहते आहे. ब्लॅकींनी मात्र त्याच्याविषयी जिव्हाळ्यानेच लिहिले आहे. जवळजवळ पन्नास वर्षे त्या घरात राहिलेल्या माणसाची ही साक्ष कुठल्याही समीक्षकाने हलकी लेखू नये.

राहता प्रश्न पुढचा. भिंती वाळल्या की काय करायचे? सिमेंट खरवडून चुना लावावा आणि माथ्यावर दगड बसवावा, तर घर वाचते. पण ते मॅकिंटॉशच्या हातचे राहत नाही, असा आक्षेप घेता येतो. होते तसेच ठेवावे, तर ते कायमचे काचेच्या पेटीतल्या राजकन्येसारखे जाळीत पडून राहील. माझे मत सांगतो. हे राहते घर आहे, असे त्याच्या कर्त्यानेच सांगितले आहे. राहत्या घराची कातडी बदलते. त्याने आतून बाहेर असे घर रचले. तेव्हा आतले राखण्यासाठी बाहेरचे बदलावे लागले, तर तो त्याच्याच पद्धतीचा मान आहे. चित्रातली ती अखंड भिंत पुस्तकांत सुखरूप राहील. ती भिजत नाही.

हे लिहीत असताना आमच्या घरी दिवाळीची सफेदी चालू आहे. आता डबे येतात रंगाचे. माझ्या लहानपणी चुना यायचा. पाऊस संपला की, वडील पिंपात चुन्याच्या कळ्या विरवीत, त्यात चिमूटभर नीळ टाकीत आणि शिडीवर चढून स्वतः कुंचला फिरवीत. मी खाली बादली धरून उभा असे. दरवर्षी तेच काम, तीच भिंत. कंटाळून मी एकदा विचारले की, एकदाच असे काही लावता येणार नाही का, की पुन्हा लावायलाच नको? ते शिडीवरून म्हणाले, "मग पुढच्या दिवाळीला भिंतीकडे कोण पाहील रे?" आणि त्यांनी बादली वर मागितली.